घरगल्ली

पुढून बघाल तर इमारत झकास.
गेल्या दिवाळीत रंग दिलेला, फिका पिस्ता,
दारात तुळस, नावाची पितळी पाटी.
मी मागून जातो.
दोन इमारतींच्या मधे दीड हाताची फट उरते,
तिला आम्ही घरगल्ली म्हणतो.
नौपाड्यातल्या सतरा घरगल्ल्या
सव्वीस वर्षं माझ्या नावावर आहेत.
सातबाऱ्यावर नाही,
हजेरीपुस्तकात.

काय नाही सापडत तिथे!
कोंबडीची हाडं, चहाचा चोथा, लंगोट,
एकदा तर अख्खी कवळी, वरच्या जबड्याची.
धुऊन आठ दिवस कठड्यावर ठेवली.
कुणी न्यायला आलं नाही.
डावीकडचे म्हणतात, उजवीकडच्यांनी टाकलं.
उजवीकडचे खिडकी लावून घेतात.
मधलं कुणाचंच नसतं.

कळव्याच्या इस्पितळात
डॉक्टर फणसेबाईंनी तोंडात आरसा घातला.
ब्रश करता?
दोन वेळा, म्हटलं, ताठ मानेनं.
मग रक्त कधीपासून येतंय?
असतील दोन वर्षं. येतं म्हणूनच
मी तिकडे ब्रश नेत नाही,
उगाच दुखावायला नको.
बाई हसल्या नाहीत.
म्हणाल्या, नेत नाही म्हणून येतं.

मग खालच्या दातांमागचा दगड त्यांनी खरवडून काढला,
टाकीच्या तळाला धरतो तसला, पिवळट.
हातमोज्यावर ठेवून दाखवला.
ब्रश पुढून फिरतो, मागून फिरतो,
मधे कोण जातं, भिकाजीराव?

या प्रश्नाचं उत्तर
सव्वीस वर्षं मी अंगावर घालून हिंडतोय,
आणि नेमका तिथे गप्प बसलो.

हातभर दोरा. दोन्ही मधल्या बोटांना गुंडाळायचा.
करवतीसारखा ओढायचा नाही, हळू उतरवायचा,
एका दाताला मिठी मारून वर-खाली,
हिरडीच्या कडेखाली जरासा,
मग शेजारच्या दाताला तशीच मिठी.
शेजाऱ्यांत भेदभाव नाही.
पहिले काही दिवस रक्त येईल,
घाबरून थांबलात
तर पुन्हा माझ्यापुढेच येऊन बसाल.

रात्री खारटन रोडच्या खोलीत, मोरीवर, चाळीसच्या दिव्याखाली
दोरा उतरवला, काढला,
सवयीनं नाकाशी नेला.
ओळखीचा वास.
गल्ली अकरा, सोमवार सकाळ.
दोनदा साबण लावल्याशिवाय मी उंबरा ओलांडत नाही,
हा वास घरात आणत नाही
म्हणून मला केवढा तोरा.
आणि तो रोज माझ्याबरोबरच जेवत होता.

कुसुम तव्यावर मशेरी भाजत होती.
म्हणाली, दात कोरून पोट भरत नाही.
नाही भरत, खरं आहे.
तिचे खालचे दोन दात हलतात,
भाकरी ती कालवणात बुडवून गिळते,
डाव्या बाजूनं, बोलायचं थांबवून.
मी काही बोललो नाही.
मशेरीच्या धुरात कोण बोलणार.

सहाव्या दिवशी हात थांबला होता.
बेसिनमधे लाल धार बघून वाटलं,
डॉक्टरांचं काय जातंय.
मग आठवलं, नव्या गल्लीतही
पहिला फावडा मारला की आधी घाणच उसळते,
वरचे लोक नाक दाबून ओरडतात
की यानंच वास केला.
बाराव्या सकाळी थुंकी पांढरी पडली.
कुणाला सांगणार?
आज रक्त आलं नाही, ही काय बातमी झाली?
गल्ली अकरात वाकलो होतो तेव्हा
वरून ओला चोथा खांद्यावर पडला.
मान वर केली.
खिडकी बंद.

काल डबी हलकी लागली.
मी तर हातभरच काढतो, मोजून,
पैसे पडतात तिला.
दिव्याखाली धरून बघितली.
झाकणावर एक बोट उमटलेलं होतं,
मशेरीचं,
काळं.