शेऱ्याचा रकाना

चौतीस वर्षं मी दारू मोजली,
चाखली नाही.
हायड्रोमीटर सोडायचा, तो डुलायचा,
थांबला की आकडा वाचायचा, खाली सही.
अबकारी खात्यात नाक लागतं, जीभ लागत नाही,
असं आमचे साहेब म्हणत,
आणि ते स्वतः पेन्शनीच्या आधीच यकृताने गेले.

आता शिवोलीला, बंद पडलेल्या भाताच्या गिरणीत
सेल्मा आफोंसो बिअर गाळते.
गाळते नव्हे, आंबवते.
फरक मला ठाऊक आहे, कलमांसकट.
पहिल्या दिवशी मला पाहून
तिने लायसनची फाइलच काढली.
म्हटलं, बाई, ठेव ती. मी गिऱ्हाईक.
सोबत बाबलो, एकेकाळी खात्याची जीप चालवायचा,
आता माझ्याबरोबर बसने येतो.

फणसाच्या फळीवर चार छोटे ग्लास.
गव्हाची: गढूळ, पिकल्या केळ्याचा वास.
बाबलो म्हणाला, साहेब, पेज आंबली.
हॉप्सची: आधी पपनस, मग थेट किराईत,
लहानपणी नाक दाबून पाजायचे तसलं.
लोक ह्याचे पैसे देतात!
काळी: जळकी करवंटी, कॉफी,
हिच्यासोबत भाजलेला बांगडा हवा.
चौथी पिल्सनर, सरळ, स्वच्छ, वेळेवर येणारी.
तिच्यात माझंच काही दिसलं,
दुसऱ्यांदा मागवली नाही.

असे बुधवार गेले. मी वही केली,
रकाने आखले: तारीख, प्रकार, टक्के, रंग, फेस.
सवय.
शेवटचा रकाना शेऱ्याचा.
त्यात लिहायचो, बरी. बरी. जरा बरी.
सेल्माने एकदा वही वाचली.
काका, पण तुम्हाला आवडतं काय?
हा प्रश्न ऑडिटमध्येही आला नव्हता.

मग माघात तिने गुलाबी काही आणलं.
आगरवाड्याचं मीठ, धने, सोलं.
जर्मन लोक ह्या जातीला गोझे म्हणतात, म्हणाली,
सोलं मात्र माझी.
बाबलोने घोट घेतला आणि पहिल्यांदाच गप्प बसला.
फुटी कढी, मी म्हणालो, फेस आलेली.

आणि पत्रादेवीचा नाका आठवला.
रात्रीचे दोन, लग्नाची बस,
नवऱ्याच्या मामाच्या पिशवीत
परवान्यापेक्षा दोन बाटल्या जास्त.
नियमाप्रमाणे गटारात ओतल्या.
मामा बघत राहिला, मिशी घामाने ओली,
एक शब्द बोलला नाही.
काजूचा वास उठला, गटारभर,
बेडूक तेवढे थांबले.
मी ओठांवरून जीभ फिरवली, खारट लागली,
आणि रजिस्टरात लिहिलं: नष्ट केल्या.

त्या बुधवारी माझे दोन ग्लास झाले, बाबलोचे तीन.
साडेआठची बस गेली.
पुलाकडे चालत निघालो, खाडीचा वारा तोंडावर,
बाबलो म्हणाला, साहेब, त्या मामाचं नाव काय हो?
त्यालाही तीच रात्र आठवली होती.
जीप त्यानेच आडवी घातली होती.

पुढच्या आठवड्यात पिंप रिकामं.
पुन्हा कर, मी म्हटलं.
करीन, पण तीच होणार नाही, काका.
सोलं दुसऱ्या झाडाची, मीठ नव्या राशीचं,
आणि तेव्हा थंडी होती.
मी बॅच नंबर मागितला.
तिने सांगितला: सतरा.
आकडा बरोबर होता. मी तो दोनदा लिहिला.

घरी शेऱ्याच्या रकान्यात 'आवडली' बसेना,
दोन बोटांचा तर रकाना.
फेसावरून, रंगावरून, टक्क्यांवरून
मागे मागे लिहीत गेलो,
तारखेपाशी शाई संपली.

बाबलो विचारतो, आता पुढे काय?
मार्चात हुर्राक येईल.
वास ओळखतो मी तिचा, मैलभरावरून,
किती टक्के तेही सांगेन.
बाकी मला विचारू नकोस, बाबलो.
तू ओत.