शाळा सोडण्याचे कारण

दाखल्यावर एक रकाना असतो.
एकतीस वर्षं तो मीच भरतोय,
निळ्या शाईनं, अक्षर तिरकं होऊ न देता.
बदली. स्थलांतर. लग्न, हल्ली कमी.
आणि नववीचा निकाल लागला की
सहा-सात जणांसाठी एकच वाक्य:
पालकांच्या विनंतीवरून.

विनंती आम्ही करतो.
पालक सही करतात.

हेडमास्तर वाईट माणूस नाही.
पोराला समोर बसवतात, चहा मागवतात,
बशीतला त्याच्याकडं सरकवतात.
"नापासाचा शिक्का लई दिवस टिकतो, बाळ.
सतरा नंबरचा फॉर्म भर. बाहेरून बस. सावकाश."
आवाजात काळजी असते, खोटी नसते.
पाठीमागच्या भिंतीवर
शंभर टक्के निकालाच्या नऊ फ्रेमा,
दहाव्या खिळ्याची जागा ठोकून तयार.

मलाही पटायचं ते.
माझ्या धाकट्या भावाला कुणी अडवलं नव्हतं.
बसला. तीनदा बसला.
तेव्हापासून भांग पाडताना
तो आरशासमोर उभा राहत नाही,
चाचपडत पाडतो. आता केसही राहिले नाहीत फारसे.

त्या वर्षी अधिक मुळीक होता.
अधिक महिन्यात जन्मला म्हणून अधिक.
गणिताचे मास्तर हजेरी घेताना म्हणायचे,
"अधिक, वजा हो मागच्या बाकावर."
वर्ग हसायचा. तोही हसायचा,
आणि सगळ्यांच्या नंतर थांबायचा.

बाप गलाईवाला, तिकडं आसामात.
दोन रात्री रेल्वेनं, मग एसटीनं विटा,
मग वडापनं लेंगऱ्याला आला.
तेजाबानं पिवळी पडलेली नखं
टेबलाखाली धरून सगळं ऐकलं,
आणि पोराबद्दल काहीच बोलला नाही.
म्हणाला,
"आमच्यात केर टाकत न्हाईत, साहेब.
सोनाराच्या दुकानातली झाडलोट, झिजलेली केरसुणी,
पायपुसणं तर आम्ही पैसं मोजून घेतो.
जाळतो, धुतो, मुशीत घालतो.
कधी गुंजभर निघतं, कधी नुसती राख.
पण जाळल्याबिगर कळत न्हाई की."

पंखा फिरत होता.
हेडमास्तरांनी पेपरवेट एकदा उचलला, ठेवला.
"बरोबर आहे तुमचं," म्हणाले, "पण."

बापानं सही केली,
वजनाचा आकडा टाकावा तशी, आखडून.

मार्चमध्ये विट्याच्या केंद्रावर माझी ड्यूटी.
जिन्याखालच्या खोलीत बाहेरून बसणारे:
एक पोलिसाची बायको, एक पन्नाशीचा शिपाई,
दोन यंत्रमागावरची पोरं, कानात कापसाचे तंतू,
आणि अधिक.
गणिताच्या पेपराला त्यानं पुरवणी मागितली.
दोनदा.
मी दोरा बांधून दिला आणि दिवसभर
तेच डोक्यात: काय लिहिलं असेल यानं?

निकालादिवशी स्टँडवर फ्लेक्स लागला.
दहावी फ्रेम आली.
संध्याकाळी अधिक ऑफिसच्या दारात.
"एकतीस पडले, भाऊसाहेब. गणितात."
चार कमी.
मी काय बोलणार?
"सरांनी किती पडतील म्हणलं हुतं?"
बारा, मी म्हणालो. सांगायला नको होतं.
त्यानं बोटांवर मोजलं, न लाजता, पुन्हा एकदा तपासून.
"म्हंजे एकोणीस अधिक."
आणि हसला. या वेळी वर्ग नव्हता,
त्यामुळं पहिला तोच.

"जुलैच्या फॉर्मची शेवटची तारीख कवा हाय?"
तारीख सांगितली.
जिना उतरताना त्याच्या चपलेचा आवाज येत राहिला,
एक अंगठा तुटलेला असावा.

टेबलावर यंदाचे सात दाखले.
वरचा ओढला. नाव, आईचं नाव, जात, जन्मतारीख अक्षरी.
त्या रकान्यापाशी
पेन जरा थांबलं, एवढं मी शपथेवर सांगेन.

मग लिहिलं.
तेच वाक्य.
अक्षर तिरकं होऊ न देता.