अंगठा

उणे अडतीस. कोंबडा आरवला नाही.
एसेनकुल मात्र उठला, मला न उठवता,
कारण रात्री आमचं भांडण झालं होतं
ट्रक विकण्यावरून.
मी म्हणाले होते, या निळ्या डबड्यापेक्षा दोन याक बरे,
ते निदान पेट्रोल पीत नाहीत.

तीस वर्षं हँडल मारलेला माणूस.
पोराला पहिल्याच दिवशी बजावलेलं:
अंगठा बोटांच्या बाजूला ठेव, मुठीत घेऊ नकोस,
इंजिन उलटं फिरलं तर हात सुटला पाहिजे.
आज स्वतःच रागात मूठ आवळली.
मी अंथरुणातून ऐकलं:
एक खोकला, लोखंडाचा फटका,
आणि त्यानंतर जी यायला हवी होती ती शिवी
आलीच नाही.

मनगट दोन ठिकाणी वाकलेलं.
दवाखाना नारीनला, मध्ये किझिल-बेलचा घाट.
शेजारचा मुकानबेत जनावरं घेऊन खालच्या कुरणात,
गावात वाहन उरलं ते आमचंच,
आत्ताच ज्याने हात मोडला ते.

चालवायला त्यानेच शिकवलं होतं, गवत भरायच्या दिवसांत.
सुरू करायला नाही.
पण सतरा हिवाळे मी त्या खिडकीशेजारी झोपले आहे,
क्रम मला कानाने पाठ.
आधी घमेल्यात शेणींचे निखारे,
तेलाच्या टाकीखाली ते सरकवताना बर्फावरची खरखर,
मग पाऊण तास काहीच नाही
(तेवढ्यात माझा पुन्हा डोळा लागायचा).
मग बादल्या.

बॅटरी चुलीपाशी, मेंढीच्या कातड्यात गुंडाळलेली,
आमची तिन्ही मुलं पहिला हिवाळा निजली तिथेच.
उचलली. मुलांपेक्षा जड, आणि कमी रडकी.
तोटी उघडी ठेवून पहिली बादली ओतली,
पाणी आतून थंडगार होऊन खाली पडलं.
दुसरीचं कोमट.
तिसरीला तोटी बंद.
एसेनकुल आतून डाव्या हाताने काच वाजवत होता.
एक टकटक म्हणजे थांब,
तीन म्हणजे अगं बाई, काय चाललंय तुझं.
मी वळून पाहिलं नाही.

आदिल, नऊ वर्षांचा, चोक ओढून बसला,
पाय पोचावा म्हणून सीटच्या पार टोकाला.
किल्ली बंद ठेवून मी हँडल घातलं.
तेल गार काकवीसारखं. पहिला फेरा पुरा झाला तेव्हा वाटलं
विहिरीतून पाणी नाही, विहीरच ओढतेय.
दहा. बारा. मग जरासं हललं:
आठवडाभर अबोला धरलेलं माणूस
"मीठ कुठंय" एवढं विचारतं, तितपत.

"आता किल्ली!"
अंगठा बाहेर.
खालून वर, अर्धा फेरा. काही नाही.
पुन्हा. काही नाही.
पुन्हा, आणि त्याने हँडल हिसकावलं,
उलटं भिरकावलं, ते मोकळ्या बोटांतून निसटलं
आणि माझी बोटं
बोटंच राहिली.
काचेवरची टकटक थांबली होती.

चौथ्या खेपेला आठांतली तीन सिलिंडरं बोलली.
मग पाच. मग सगळी एकदम, भावकीत भांडल्यासारखी.
अंगण धुराने काळंनिळं झालं,
आणि तेव्हा कुठे कोंबडा आरवला.

घाटात तो एकच वाक्य बोलला:
"उताराला दुसरा गियर."
मी आधीच दुसऱ्यात होते.

दवाखान्यापुढे इंजिन चालूच ठेवलं,
पोराला राखण बसवलं.
पहारेकरी दोनदा ओरडून गेला,
तिसऱ्यांदा उबेला म्हणून आत येऊन बसला.

डॉक्टरीण म्हणाली, कसं झालं हे?
एसेनकुल भिंतीकडे बघत म्हणाला,
"घोड्याने लाथ मारली."
"तुमचाच घोडा?"
"म्हातारा आहे. थंडीत बिथरतो."
तिने तसं लिहून घेतलं.

खिडकीबाहेर घोडा धडधडत उभा,
किती लिटर पीत होता
याचा हिशोब त्या दिवशी
मी केला नाही.