वॉल नंबर सात

गावात वॉल सात. पाना एकच.
बावीस वर्षांत पान्याचं तोंड झिजलं
आणि माझ्या तळहाताला त्याच्या मापाचा घट्टा पडला.
पहाटे चारला टाकीखाली वाकलो की
आधी हवा येते, दमेकऱ्यासारखी खोकत,
मग तांबूस पाणी, मग पाणी.
कोण चोरून मोटर लावतंय
ते मला पाइपाला कान लावला की कळतं.

सात नंबर ओढ्यापलीकडं, चढावर.
एकोणीस घरं. आठव्या दिवशी पाऊण तास.
तिसरी घागर गळ्यापर्यंत येते न येते
तोच पाइप गुरगुरून गप्प.
बाया विचारायच्या, "मामा, आमच्याच वाट्याला असं कामून?"
मी म्हणायचो, "चढ बगा की. चढाला का जात असती?"
चढाला नसते.

त्याच वस्तीतली सोजर.
तालुक्याला दोन दिवसांचं प्रशिक्षण करून आली,
येताना काखेत निळी पेटी.
साती वॉलांचं पाणी साती बाटल्यांत भरलं,
चिठ्ठ्या चिकटवल्या,
गोधडीत गुंडाळून उतरंडीशेजारी ठेवल्या,
कोंबडी अंड्यांवर बसवावी तशा.
दोन दिवसांनी सहा बाटल्या फिक्या,
पाणचट चहासारख्या.
सातवी काजळ.

ग्रामसेवक म्हणाले, "टीसीएल वाढवू की.
रकान्यात सध्या योग्य लिहा."
सोजर काहीच बोलली नाही.
पेनाचं टोपण दातानं काढलं
आणि रकान्याबाहेर सांडेल एवढ्या अक्षरात लिहिलं:
काळी.

मग पंचायत समितीतून मुखेडकडची एक पोरगी आली,
अभियंता. पायात बूट, मोबाइलात नकाशा.
नकाशात पाइप सरळ गेलेला, पट्टीनं आखल्यासारखा.
"मामा, खरा कुठून गेलाय?"
गावात हे एकट्या मला माहीत होतं.
मी शाळेमागच्या गटारीपाशी जाऊन उभा राहिलो.
बोट दाखवायला वेळ लागला.

दोन फूट खणलं.
तीन वेढे सायकलची ट्यूब, वर तार.
माझ्याच हातची गाठ.
ज्या साली लातूरला पाणी रेल्वेनं आलं, त्या सालची.
कपलर नव्हतं, पंचायतीत पैसा नव्हता,
पोराच्या सायकलची ट्यूब काढली होती.
तात्पुरती.
आमच्याकडं तात्पुरत्याइतकं टिकाऊ काही नसतं.

पोरगी उकिडवी बसून सांगायला लागली:
पाणी थांबलं की पाइप रिकामा होतो,
रिकामा झाला की आत ओढतो,
फट जिथं असेल तिथून, शेजारी जे असेल ते.
म्हणजे मी वॉल आवळला
की पाइप श्वास घ्यायचा.
गटारीतून.
आठवड्याला एकदा, इतकी वर्षं…
हिशोब मी मधेच सोडला.
त्या पावसाळ्यात तिकडं तीन लेकरांना कावीळ झाली होती.
आम्ही म्हणलो होतो, यात्रेतलं सरबत.

सोजर तिथंच उभी होती.
माझ्याकडं बघितलं नाही तिनं,
ट्यूबीकडं बघत होती.

निविदा, सही, परत सही, उन्हाळा,
ठेकेदाराचं लग्नसराईचं कारण.
शेवटी पाइप गटार सोडून ओढ्यावरून गेला, खांबांवर,
आणि चढावर पाच हजार लिटरची टाकी बसली.
आता सात नंबर बंद करायचाच नाही, असा हुकूम.
रोज पहाटे पाना घेऊन तिथवर जातो,
हात लावतो, माघारी येतो.

परवा सोजरनं बाटली उजेडाकडं धरली.
फिकी.
मला दाखवली नाही.
रकान्यात लिहिलं, बारीक अक्षरात,
बाकीच्या सहांइतक्याच.

पद्मिनबाई अजूनही आठ दिवसांचं भरून ठेवते.
हंडे, कळशा, तेलाचे डबे, नातवाची पाण्याची बाटलीसुद्धा.
"अवं, उद्या येणारच हाय," मी म्हणलो एकदा.
तिनं ऐकलं,
आणि डब्यावर झाकण दाबून बसवलं.