फॅट किती लागली

धुळ्याच्या डॉक्टरांनी कागद पुढे सरकवला
तेव्हा सवयीने मी आधी आकडे वाचले.
सव्वीस वर्षं डेअरीच्या खिडकीत बसलेय.
लिटर, फॅट, डिग्री, दर.
दोन पूर्णांक आठ.
मनात म्हटलं, पाणी घातलंय.
मग हळूहळू ऐकू यायला लागलं
डॉक्टर काय म्हणत होते ते.

परतीच्या एसटीत मुकटीच्या फाट्यापर्यंत
कंडक्टरने दिलेले सुटे मोजत राहिले.
अकरा रुपये.
पुन्हा अकरा.

गावात बातमी माझ्याआधी उतरली होती.
बायका आल्या, पिशवीतून शहाळी काढली.
आजाराचं नाव कुणीच घेतलं नाही, नुसतं 'ते' म्हणाल्या,
जसं आम्ही नवऱ्याला म्हणतो.
आणि उठताना प्रत्येकीचं एकच,
"हिंमत ठेव, माय."

हिंमत माझ्या नवऱ्याचं नाव.
तीस वर्षांत उखाण्याबाहेर घेतलेलं नाही.
आणि हिंमत त्या वेळी गोठ्यात होता,
म्हशीच्या पाठीआड, नळ सोडून,
आवाज पाण्याचा वाटावा म्हणून.

भीती रात्री तीनला येते.
रिकामा कॅन घेऊन, रांगेत पहिली, एकटीच.
मी सांगते, थांब, खिडकी साडेपाचला उघडते.
कधी थांबते.
कधी आत येऊन माझ्याच खुर्चीत बसते.

कपाटात जुनं रजिस्टर होतं, अर्धं कोरं.

सोम. सकाळ: अर्धा कप चहा. टिकला.
संध्या.: काही नाही.
मंगळ. सकाळ: ओकारी, दोनदा.
संध्या.: कळण्याच्या भाकरीचा वास सोसला.
बुध. सकाळ: उशीवर वेणीभर केस.
संध्या.: शेजारच्या पोराचं गणित चुकलं होतं, दाखवलं.
गुरु. कोरा. दोन्ही वेळा.

डेअरीत कोरा रकाना म्हणजे दूध आलं नाही.
खातं बंद झालं
असं कोणी म्हणत नाही.

दुसऱ्या सलाईननंतर बाराव्या दिवशी
खिडकीत जाऊन बसले. डोक्याला रुमाल, तोंडाला मास्क.
सगळे हळू बोलत होते, देवळात बोलतात तसं.
सांगेन तो आकडा मान्य.
कुणी पावती उलटून बघेना.
इतकी मी कधीच मेलेली नव्हते.

मग झिपरू आप्पाने कॅन आपटला.
"पाच दोन? मनी म्हैसनी फॅट
कवयबी सातना खाले गयी नही!
डोयावर पट्टी बांधेल शे का?"

रांग थिजली. मागून कुणी त्याची बाही ओढली,
"आप्पा, तिले बरं नही."
"बरं नही ते घर बठ म्हना.
बठनी शे ते फॅट बरोबर लाव!"

मी उठले ती खुर्ची मागे पडली.
म्हटलं, नमुना परत काढा आप्पा, माझ्यासमोर ढवळा,
आणि कॅन विसळलेलं पाणी कुठे जातं
ते विचारू का सगळ्यांदेखत?
दहा मिनिटं भांडलो.
घशाला कोरड पडली, रुमाल सरकला, तो कोणी बघितलाही नाही.
तेवढा वेळ आजार नव्हता असं नाही,
होता, पण रांगेत होता,
झिपरूच्या मागे,
आपला नंबर यायची वाट बघत.

दुसऱ्यांदा पाच तीन लागली.
एक पॉइंट त्याचा होता.
दिला.

त्या रात्री तीनला मी जागी, तोही जागा,
दोघंही झोपल्याचं नाटक करत.
मी नावाने हाक मारली. नुसतं नाव, उखाण्याशिवाय.
तो दचकून उठून बसला. "काय होतंय?"
म्हटलं, काही नाही.
सगळ्या सांगून गेल्या ना, ठेव म्हणून.
बघत होते, ठेवलेल्या जागी आहे का.
अंधारात आधी तो हसला की मी
ते रजिस्टरमध्ये लिहिलेलं नाही.

उद्या तिसरी. पावणेसातची गाडी.
पिशवीत पाण्याची बाटली, रिपोर्टची फाइल, रजिस्टर.
पेन लिहितं का ते हातावर ओढून पाहिलं.
निळी रेघ उठली,
सुईच्या खुणेच्या जरा अलीकडे.