तांबडीचं अंडं

कांकालच्या किनाऱ्यावरून ग्वेनोला
कालवांचे शिंपले आणते बादलीभर,
फरशीवर कुटते, एका हाताने.
दुसरा अजून प्लास्टरात.
संध्याकाळी कोंबड्या
दाण्याआधी तेच टिपतात.

कुणी सांगितलं त्यांना
की मध्यरात्री पोट रिकामं होतं
आणि कवचाचं काम तर अर्ध्यावर असतं?
मग पायाच्या हाडातला चुना सुटतो,
रक्तात उतरतो,
एका ओल्या पापुद्र्यावर
कण कण बसत जातो.

आवाज कसलाच नाही.
लांब, भरतीचं पाणी.

सकाळी ती खुराड्यात हात घालते :
उबदार, किंचित खरबरीत.
तांबडी हल्ली लंगडते.
तिचं अंडं ग्वेनोला बाजारात नेत नाही,
फोडतही नाही लगेच.
पायरीवर बसते जरा वेळ
ते धरून,
चांगल्या हातात.