चार फूट दोन इंच

मी वजनकाटे दुरुस्त करतो, सांगलीत, हळदीच्या पेठेत.
पाच ग्रॅमचा फरक मला बोटाला कळतो.
म्हणून सांगतो,
पहिल्या दिवशी आमची फाइल दोनशे ग्रॅम होती.

मागणं मोठं नव्हतं.
खालचं स्वयंपाकघर माडीवर न्यायचं,
आतून एक जिना, पत्र्याच्या जागी स्लॅब.
नदी पुन्हा घरात आली तर निदान शेगडी कोरडी राहावी.
दस्तगीर मिस्त्री म्हणाला, दीड महिन्याचं काम.
परवानगीला धरा अजून दीड, नकाशा काढणारा पोरगा म्हणाला.
आम्ही पाडव्याचा मुहूर्त धरला.
साल कुठलं, ते धरायचं राहिलं.

भिंतीवर पुराची रेघ होती,
बशीत चहाची उरते तशी, तपकिरी.
राजमती रंगाचा डबा उघडून उभी.
भोकरे क्लार्क फोनवर म्हणाले, पुसू नका हं,
साहेब पाहणीला येतील, पाणी कुठवर आलं ते बघतील.
डब्याचं झाकण परत बसलं.

मी टेप लावली. चार फूट दोन इंच.
पेन्सिलीनं तारीख घातली.
तेवढ्यात संमेदा भिंतीला पाठ लावून उभी, चवड्यांवर.
टाच खाली, म्हणालो.
तीन फूट दहा.
म्हणजे पाणी तिच्या डोक्यावरून चार इंच.
हे मी राजमतीला बोललो नाही. तिला वजाबाकी येते.

मग त्रुटी निघाल्या.
नकाशात उत्तर दिशा नाही. दाखवली.
वडील जाऊन नऊ वर्षं झाली,
उताऱ्यावर अजून घरातच राहत होते. त्यांना हलवलं.
पाटबंधारेवाल्यांनी विचारलं, निळ्या रेषेच्या आत की बाहेर?
रेषा आमच्या न्हाणीघरातून जाते.
बादली आत, साबण बाहेर.

साहेब इलेक्शनला गेले.
साहेब आले.
साहेबांची बदली झाली.
नवे साहेब म्हणाले, पहिल्यापासून बघू.
पोर्टलवर एक चाक गोल गोल फिरायचं,
काट्याचं असलं असतं तर मी पाच मिनिटांत बसवलं असतं.

महापालिकेतून आलो की पोरीला भिंतीला उभी करायचो.
श्रावणात तीन अकरा.
संक्रांतीला चार फूट, केसांचं सोडून.

पलीकडच्या गल्लीत हुलवानेंनी दोन मजले चढवले.
परवानगी? विचारलं.
कशाला? म्हणाले.
रात्रभर मला झोप नाही.
मी बिनशिक्क्याचा काटा दिसला की दुकानदाराला झापतो,
माझ्या घराला शिक्का नको?
राजमती अंधारातून म्हणाली,
तुमचा प्रामाणिकपणा कुठल्या मजल्यावर ठेवायचा, तेवढं सांगा.

मधे एक ऑगस्ट गेला.
आयर्विन पुलावरचा आकडा फोनवर बघत
आम्ही शेगडी पलंगावर घेऊन बसलो.
पाणी कोपऱ्यावरच्या पिठाच्या गिरणीपर्यंत आलं,
विचार केला, आणि मागं फिरलं.
त्याला कुणाची सही लागली नाही.

बाविसाव्या महिन्यात कागद आला.
एक वर्षाच्या आत काम सुरू न केल्यास परवानगी रद्द समजण्यात येईल.
मी दोनदा वाचलं. हसू आलं नाही.
सिमेंट वाढलं होतं, सळई वाढली होती,
डब्यातला रंग आटून त्याची वडी झाली होती.
रेघ बघायला कोणी आलं नाही.

दस्तगीर घण घेऊन आला,
फोडायच्या भिंतीपुढं उभा राहिला.
तपकिरी रेघ, तिच्याखाली पेन्सिलीच्या खुणा,
तारखा, बोटं,
आणि कालची एक, रेघेच्या वर. चार तीन.
त्यानं घण खाली ठेवला.
मालक, जिना हातभर पलीकडनं घेऊया की.

मी नकाशा उलगडला.
जिना इथंच दाखवलाय.
हातभर सरकवायचा तर
सुधारित परवानगी लागेल.

दस्तगीरनं तंबाखू काढली, मळत बसला.
संमेदा तेवढ्यात भिंतीला पाठ लावून उभी,
टाच खाली,
कुणी न सांगता.